आखूड गुणसूत्र

पीटर नोवेल यांना गुणसूत्रांतलं फारसं काही कळत नव्हतं. नौदलातली नोकरी संपवून १९५६ मध्ये ते फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात परतले आणि ल्युकेमियाच्या पेशी काचपात्रात वाढवायला लागले. रंग चढवण्याआधी काचपट्ट्या धुवायच्या होत्या. त्यांनी त्या सरळ नळाच्या पाण्याने धुतल्या. नळाच्या पाण्यात क्षार कमी. त्यामुळे पेशींनी पाणी शोषलं, त्या टम्म फुगल्या आणि आत एरवी एकमेकांवर चढून बसलेली गुणसूत्रं सुटी होऊन पसरली. सूक्ष्मदर्शकाखाली ती एकेक मोजता येत होती. हे पाहण्यासारखं आहे एवढं नोवेल यांना कळलं, पण त्यात नेमकं काय पाहायचं ते सांगणारा माणूस हवा होता. चौकशी करता करता त्यांना डेव्हिड हंगरफोर्ड सापडले. हा तरुण त्याच शहरातल्या कर्करोग संशोधन संस्थेत पीएचडीच्या प्रबंधासाठी विभाजनाच्या ऐन घडीला पकडलेल्या पेशी शोधत होता.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. माणसाच्या पेशीत ४८ नव्हे तर ४६ गुणसूत्रं असतात हेच मुळी १९५६ मध्ये नक्की झालं होतं. गुणसूत्रांतल्या बिघाडामुळे कर्करोग होत असावा, असं थिओडोर बोवेरी या जर्मन जीवशास्त्रज्ञाने १९१४ मध्येच लिहून ठेवलं होतं. पण दाखवायला पुरावा नव्हता, म्हणून ती कल्पना अडगळीत पडली होती. हंगरफोर्ड यांच्या नजरेला तो पुरावा पडला. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण दोघेही ज्याला सीएमएल म्हणतात, त्या रुग्णांच्या रोगट पेशींत एक लहान गुणसूत्र असायला हवं त्याहून आखूड होतं. १९६० मध्ये दोघांनी सात रुग्णांची हकिकत 'सायन्स'मध्ये छापली, तीही अगदी थोडक्यात. शहराच्या नावावरून त्या गुणसूत्राला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणू लागले.

सगळ्यांनी गृहीत धरलं की तुकडा गळून पडला. मग जनुकं गेली, म्हणून रोग झाला. हा अंदाज बारा-तेरा वर्षं टिकला आणि तो चुकीचा होता.

तो खोडून काढला शिकागोच्या जॅनेट राउली यांनी. चार मुलांची आई असलेल्या या डॉक्टरबाईंनी बरीच वर्षं अर्धवेळ काम केलं होतं. १९७० च्या सुमारास ऑक्सफर्डला असताना त्या गुणसूत्रांवर चमकते पट्टे उठवणारी नवी रंगपद्धत शिकून आल्या. त्याआधी गुणसूत्रं ओळखायची ती लांबीरुंदीवरून. आता प्रत्येकाला स्वतःचे पट्टे मिळाले. राउली सूक्ष्मदर्शकातून घेतलेले फोटो घरी आणत आणि जेवणाच्या टेबलावर कात्रीने एकेक गुणसूत्र कापून जोड्या लावत. आई या वयात कागदी बाहुल्या खेळते म्हणून मुलं चिडवत. त्या टेबलावर त्यांच्या लक्षात आलं की सीएमएलच्या रुग्णांत बावीस नंबरचं गुणसूत्र आखूड आहे खरं, पण नऊ नंबरचं तितकंच लांब झालं आहे. म्हणजे तुकडा हरवला नव्हता, दोन गुणसूत्रांनी आपली टोकं अदलाबदल केली होती. १९७३ मध्ये त्यांनी हे 'नेचर'मध्ये मांडलं. शास्त्रज्ञांपैकी अनेकांना वाटे की ही मोडतोड रोगाचा परिणाम असेल, कारण नव्हे. राउली मात्र म्हणत राहिल्या की एका रोगात नेमकी हीच अदलाबदल पुन्हा पुन्हा दिसते, तेव्हा ती योगायोगाने होत नाही.

पुढच्या दहा वर्षांत ती टोकं जोडली जाताना काय घडतं ते उलगडलं. नवव्या गुणसूत्रावर एबीएल नावाचं जनुक असतं. उंदरांना ल्युकेमिया देणाऱ्या एका विषाणूत त्याचं भावंड आधीच सापडलं होतं, म्हणून ते ओळखीचं होतं. टोक तुटताना ते बाविसाव्या गुणसूत्रावरच्या बीसीआर या जनुकाला जाऊन चिकटतं. पेशी ही दोन अर्धी जनुकं एकच समजून वाचते आणि निसर्गात कधी नसलेलं एक जोड-प्रथिन तयार करते, बीसीआर-एबीएल.

साध्या एबीएलचं काम असं : एटीपी या ऊर्जेच्या रेणूकडून फॉस्फेटचा एक गट घ्यायचा आणि दुसऱ्या प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर बसवायचा. अशा प्रथिनांना टायरोसिन कायनेज म्हणतात. फॉस्फेट बसला की समोरचं प्रथिन जागं होतं आणि 'वाढ, विभाजन कर' हा निरोप पुढे जातो. निरोप देऊन झाला की एबीएल स्वतःला बंद करतं. त्याच्या एका टोकाला असलेला स्निग्धाम्लाचा छोटा भाग वळून स्वतःच्याच खाचेत जाऊन बसतो आणि प्रथिन मिटतं. बीसीआरशी जोड होताना नेमकं हेच टोक कापलं जातं. शेतातल्या मोटरच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबून त्यात काडी खुपसून ठेवावी आणि लाल बटण उपटून टाकावं, तसा हा प्रकार आहे. मोटर चालतच राहते. अस्थिमज्जेतल्या एकाच मूळ पेशीत हे घडतं, तिच्या वंशजांची संख्या वाढत जाते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी हजारांतून लाखांत जातात, प्लीहा फुगते आणि डाव्या बरगडीखाली जड वाटायला लागतं. हा आजार आनुवंशिक नाही. किरणोत्सर्ग सोडला तर त्याचं ठाम कारणही सापडलेलं नाही. हिरोशिमातून वाचलेल्या लोकांत तो वाढला होता.

शंका उरली होती ती १९९० मध्ये मिटली. हे जोड-जनुक घातलेल्या मज्जापेशी उंदरांना दिल्या आणि त्यांना सीएमएलसारखाच आजार झाला. बाकी काही बिघडवावं लागलं नाही. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, त्याकडे आपण परत येऊ.

प्रथिन कळलं, मग ते बंद करणारं औषध का नाही? तेव्हाच्या औषधशास्त्रातल्या जाणत्यांचं उत्तर होतं : जमणार नाही. माणसाच्या शरीरात पाचशेहून जास्त कायनेजेस आहेत आणि सगळी एटीपीच वापरतात. एटीपी जिथे बसतं ती खाच अडवणारं औषध एकाला अडवेल तसंच साऱ्यांना अडवेल, आणि रुग्ण रोगाआधी औषधाने जाईल. स्वित्झर्लंडमधल्या बाझलला सीबा-गायगी कंपनीत अ‍ॅलेक्स मॅटर आणि निकोलस लायडन यांनी तरीही हे काम धरलं. रसायनज्ञ युर्ग झिमरमन यांच्या हाती सुरुवातीला जो रेणू होता तो खरोखरच भलत्याच कायनेजला अडवत होता. त्यांनी रेणूच्या एका कड्यावर मिथाइल गट बसवला : एक कार्बन, तीन हायड्रोजन. एवढ्या फरकाने रेणू असा काही वळला की जुन्या कायनेजला तो चालेनासा झाला आणि एबीएलमध्ये मात्र घट्ट बसायला लागला. मग पाण्यात विरघळावा म्हणून दुसऱ्या टोकाला आणखी एक गट जोडला, तेव्हा तो गोळी करून पोटात घेण्याजोगा झाला.

असं का झालं हे त्या वेळी कोणालाच सांगता आलं नसतं. ते २००० मध्ये, स्फटिकाच्या क्ष-किरण चित्रातून कळलं. कायनेज चालू असताना सगळी एकमेकांसारखी दिसतात. मिटलेल्या अवस्थेत मात्र प्रत्येकाची घडी वेगळी. हे औषध एबीएलच्या मिटलेल्या घडीत शिरतं. बीसीआर-एबीएलसुद्धा अधूनमधून क्षणभर मिटतं, तेवढ्यात ते आत जाऊन बसतं. आज आपण 'रेणूच्या आकारावरून आखलेलं औषध' असं म्हणून या गोळीचं कौतुक करतो, ते अर्धंच खरं आहे. आखणी होती, पण आकार माहीत नव्हता.

बॉस्टनचे, आणि १९९३ नंतर ओरेगॉनमधल्या पोर्टलंडचे डॉक्टर ब्रायन ड्रकर या रेणूच्या मागे हात धुऊन लागले. त्यांच्या काचपात्रात तो बीसीआर-एबीएल असलेल्या पेशींच्या बहुतेक वसाहती मारत होता आणि निरोगी पेशींना हात लावत नव्हता. कंपनी मात्र चालढकल करत होती. कुत्र्यांवरच्या चाचणीत यकृताला त्रास दिसला होता. १९९६ मध्ये सीबा-गायगी आणि सँडोझ एकत्र येऊन नोव्हार्टिस झाली, त्या गडबडीत वर्ष गेलं. आणि अमेरिकेत वर्षाला काही हजारच रुग्ण, त्यात धंदा तो काय? ड्रकर पिच्छा सोडत नव्हते. जून १९९८ मध्ये माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली, ती दिवसाला २५ मिलिग्रॅमपासून. मात्रा ३०० मिलिग्रॅमपर्यंत चढली आणि मग जे झालं त्याने डॉक्टरच चक्रावले. ३०० किंवा जास्त घेणाऱ्या ५४ जणांपैकी ५३ जणांचं रक्त पूर्ववत झालं, बहुतेकांचं महिनाभरात. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत सुरक्षित मात्रा किती एवढंच बघायचं असतं. तिथे इतका गुण येणं हे कर्करोगाच्या वैद्यकाने पाहिलेलं नव्हतं. नंतर औषध पुरेसं बनत नाही म्हणून रुग्णांनीच इंटरनेटवरून हजारो सह्या गोळा करून कंपनीला धाडल्या. १० मे २००१ रोजी अमेरिकेत परवानगी मिळाली. औषधाचं नाव इमॅटिनिब. व्यापारी नाव तिकडे ग्लीव्हेक, आपल्याकडे ग्लिव्हेक.

त्याआधी सीएमएल झालेल्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला चार-पाच वर्षं येत. दुसऱ्याची मज्जा बसवणं हा एकच खात्रीचा मार्ग होता आणि तो थोड्यांनाच जमे, सोसेही थोड्यांनाच. इमॅटिनिबच्या मोठ्या चाचणीत दहा वर्षांनी ८३ टक्के रुग्ण हयात होते. आता हा रोग म्हणजे चारशे मिलिग्रॅमची एक गोळी, जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, रोज. डोळ्यांखाली सूज येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, दर काही महिन्यांनी बीसीआर-एबीएलची तपासणी करावी लागते. भारतात हे जास्तच महत्त्वाचं. पाश्चात्त्य देशांत हा रोग साधारण साठीच्या आसपास दिसतो, आपल्याकडे चाळिशीच्या आतबाहेर, म्हणजे घर चालवणाऱ्या माणसालाच.

पण सगळ्यांचा आजार दबून राहिला नाही. काहींच्या पेशी पुन्हा वाढायला लागल्या. लॉस एंजेलिसमध्ये चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने २००१ मध्येच कारण शोधलं. बीसीआर-एबीएलमधल्या ३१५ व्या जागी थ्रिओनिन असतं, त्याच्याशी औषधाचा एक हायड्रोजन बंध जुळतो. या रुग्णांत तिथे आयसोल्युसिन आलं होतं. एक अमिनो आम्ल बदललं, बंध तुटला, शिवाय जागाही अडली. औषधाने हा बदल घडवला नव्हता. लाखो-कोटी पेशींत असा एखादा बदल होतच असतो, औषधाने बाकीच्या मारल्या आणि त्याला रान मोकळं करून दिलं. मग २००६ मध्ये डॅसॅटिनिब आलं, २००७ मध्ये निलोटिनिब. दोन्ही बऱ्याच बदलांना पुरून उरली, ३१५ ला नाही. २०१२ मध्ये पोनॅटिनिब आलं, ते ३१५ लाही भारी पडलं, पण रक्तवाहिन्यांत गुठळ्या करायला लागलं. २०२१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेलं ॲसिमिनिब मला या सगळ्यांत जास्त आवडतं. ते एटीपीच्या खाचेकडे फिरकतच नाही. जोड होताना कापलं गेलेलं ते टोक ज्या खाचेत बसायचं, तिथे ते स्वतः जाऊन बसतं. उपटलेलं लाल बटण परत बसवलं, एवढंच.

गोळी थांबवताही येते का, हा प्रश्न फ्रान्समधल्या डॉक्टरांनी धीर करून विचारला. दोन वर्षं तपासणीत रोगाचा मागमूस नसलेल्या शंभर रुग्णांची गोळी बंद केली. सुमारे चाळीस टक्क्यांत रोग परतला नाही. ज्यांच्यात परतला ते पुन्हा त्याच गोळीने आटोक्यात आले. मात्र हे तपासणीच्या पहाऱ्यात करायचं काम आहे. बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने गोळी सोडणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते रक्तविकारांच्या कुठल्याही ओपीडीत ऐकायला मिळेल.

भारतात या गोळीचं पुढचं प्रकरण न्यायालयात घडलं. मूळ रेणूचं पेटंट १९९३ चं. तेव्हा भारत औषधाच्या रेणूला पेटंट देत नसे. कंपनीने इथे अर्ज केला तो या रेणूच्या मेसिलेट क्षाराच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी. २००३ मध्ये तिला इथे विक्रीचा एकाधिकार मिळाला आणि देशी कंपन्यांच्या गोळ्यांवर गदा आली. महिन्याचा खर्च तेव्हा ग्लिव्हेकचा सुमारे एक लाख वीस हजार रुपये होता, देशी गोळीचा आठ-दहा हजार. पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन पुढे होती. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. आधार होता पेटंट कायद्यातलं कलम ३(ड) : जुन्या पदार्थाचं नवं रूप आणलं तर त्याने रोगावरचा गुण वाढतो हे दाखवा, नाहीतर पेटंट नाही. नवा स्फटिक जास्त टिकतो, जास्त शोषला जातो, हे खरं असेल. पण रुग्ण त्याने जास्त बरा होतो हे दाखवलं गेलं नव्हतं.

कंपनी तेव्हा म्हणाली की याने नवं संशोधन आटेल. ती हजारो भारतीय रुग्णांना औषध फुकट देत होती, हेही इथे नोंदवलं पाहिजे. पण दानावर जगणं आणि दुकानातून परवडेल ते विकत घेणं यांत फरक आहे. आणि त्याच महिन्यात जगभरच्या शंभराहून अधिक सीएमएल तज्ज्ञांनी 'ब्लड' या नियतकालिकात एकत्र सही करून लिहिलं की या औषधांच्या किमती अवाच्या सवा झाल्या आहेत. अमेरिकेत २००१ ला वर्षाकाठी तीसेक हजार डॉलरच्या आत असलेला इमॅटिनिबचा खर्च तोवर तिपटीवर गेला होता. सही करणाऱ्यांत ड्रकरही होते.

आता त्या उंदरांकडे. सीएमएल करायला एकच बिघाड पुरतो, म्हणून एकच गोळी पुरते. हे यश पाहून २००१ नंतर सगळ्यांना वाटलं की प्रत्येक कर्करोगाचं असं एक बटण असेल, शोधायचा अवकाश. काही ठिकाणी ते सापडलंही : पोटातल्या जिस्ट या गाठींवर तर इमॅटिनिबच चाललं, फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ईजीएफआर या कायनेजवरच्या गोळ्या चालतात. पण तिथे गुण वर्षा-दोन वर्षांत ओसरतो, कारण गाठीत एकाच वेळी अनेक गोष्टी बिघडलेल्या असतात. सीएमएल हा नियम नव्हता, अपवाद होता. कर्करोगाच्या रेणवीय संशोधनावर जी भाबडी आशा आणि नंतर जी तितकीच भाबडी निराशा वाहिली गेली, ती या अपवादाला नियम समजल्यामुळे, असं माझं मत आहे.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. तंबाखूचा बार गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवणाऱ्यांना तिथेच जो कर्करोग होतो, त्याची जनुकीय पाहणी भारतीय शास्त्रज्ञांनी केली, त्यात खारघरची ॲक्ट्रेक ही टाटा मेमोरियलची संशोधन संस्था होती. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. टीपी५३, कॅस्पेस-८, एफएटी१ अशी जनुकं बिघडलेली सापडली. यांतल्या बहुतेकांचं काम पेशीला आवरण्याचं. इथे काही जास्त चालू झालेलं नाही, आवरणारं मोडलं आहे. जे नाहीच ते औषधाने अडवणार कसं?

म्हणून या आजारात वाट वेगळीकडून शोधावी लागली, रुग्णाच्या प्रतिकारशक्तीकडून. तिच्या टी-पेशींवर पीडी-१ नावाचा एक लगाम असतो. गाठी तो ओढून धरतात आणि टी-पेशी थंड पडतात. हा लगाम शोधणारे तासुकू होंजो आणि तसाच दुसरा लगाम सोडवून दाखवणारे जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. निव्होलुमॅब हे प्रतिपिंड पीडी-१ झाकून टाकतं. अडचण एकच : किंमत. टाटा मेमोरियलच्याच एका पाहणीत, ज्यांना हा उपचार द्यायला हवा अशा शंभर रुग्णांत तिघांनाही तो मिळत नव्हता.

परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी मग रेणूच्या पातळीवरचा एक साधा प्रश्न विचारला. टी-पेशींवरचे पीडी-१ थोड्याच औषधात झाकले जातात, हे सुरुवातीच्या चाचण्यांत दिसलेलं आहे. एकदा झाकले की आणखी औषध ओतून काय झाकणार? नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी ठरवली दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम. तोंड-घशाच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाचे १५१ रुग्ण, ज्यांच्यावर बरं होण्याचे उपाय उरले नव्हते, दोन गटांत वाटले. सगळ्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या पोटात घ्यायच्या स्वस्त गोळ्या. एका गटाला त्यावर ही थोडी मात्रा. गोळ्यांच्या गटात वर्षभराने १६ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटात ४३ टक्के.

विजय पाटील, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'मध्ये मांडले, तेव्हा आक्षेप आलाच की पूर्ण मात्रेशी तुलना कुठे आहे? आक्षेप रास्त आहे आणि अशा तुलना व्हायलाच हव्यात. पण त्या वॉर्डातल्या रुग्णासमोर पूर्ण मात्रा की थोडी असा प्रश्न नव्हता, थोडी की काहीच नाही असा होता. निव्होलुमॅबची लहान कुपी ४० मिलिग्रॅमची येते. एका कुपीत दोघांचा हिशेब बसतो.